दोन टिक्क्यांचं घर

शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीत कुणीही कुणाचाही पत्ता विचारला, तरी उत्तरात केराबाईचं घर यायचंच. "दोन टिक्क्यांचं घर लागलं की तिथून तिसरं दार." "टिक्क्यांच्या घरासमोरनं आत वळा." पखालवाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांची ती खूण. केराबाईला याचा एवढा राग, की कुणी दारात उभं राहून असा पत्ता सांगायला लागलं, की ती आतून एखादं भांडं मुद्दाम जोरात आपटायची. सांगणाऱ्याला ते कळायचं नाही, भांड्याला मात्र पोचे पडत राहिले.

टिक्के डांबराचे होते. दाराच्या उजव्या अंगाला एक, डाव्या अंगाला एक, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, ताटलीएवढे गोल आणि काळेकुट्ट. प्लेगच्या साली ज्या घरातला माणूस दगावला, त्या घरावर ही खूण काढून गेले होते. त्याला आता चोवीस वर्षं झाली होती. त्या घरचे लोक माळावरच्या झोपड्यांत राहायला गेले ते परत आलेच नाहीत, आणि घर पुढं बरीच वर्षं नुसतं बंद होतं. केराबाई आणि तिचा नवरा येडू मंगळवेढ्याकडची मेंढरं विकून सोलापूरला गिरणीत पोट भरायला आले, तेव्हा असलं विटा-चुन्याचं पक्कं घर आपल्यासारख्या धनगरांच्या हाती एवढ्या सहजी कसं लागतंय, हे दोघांना कळेना. कळलं तेव्हा कागद होऊन गेला होता.

येडू दर दसऱ्याला टिक्क्यांवर चुन्याचे दोन हात मारायचा. चार महिने भिंत पांढरी राहायची. ऊन तापायला लागलं, की आधी चहा सांडल्यासारखा डाग दिसायचा आणि शिमग्यापर्यंत टिक्का पुन्हा होता तसा वर यायचा. येडू हसायचा. "ऱ्हाऊ दे की," म्हणायचा. "घराला नजर तरी लागत न्हाय."

तो येडू एकोणीसशे सव्वीसच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेला. मूलबाळ नव्हतं. चाळिशीची केराबाई त्या चार खोल्यांच्या घरात एकटी उरली. विणकरांच्या मागासाठी ती घरी बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरून द्यायची, तेवढ्यावर तिचं एकटीचं पोट भरत होतं. पोटाची तिला चिंता नव्हतीच. चिंता होती धुळाप्पाची.

धुळाप्पा म्हणजे तिचा धाकटा दीर. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. आषाढात तो गावाकडून आला, ओसरीवर पाय पुसून बसला, पाणी प्याला आणि खाली बघत म्हणाला, "वैनी, लोकं मला नावं ठेवायल्यात. भावाची बायकू शहरात एकलीच ऱ्हाती म्हंत्यात. घर इकून टाकू. गिऱ्हाईक बगून ठेवलंया मी. तुमी आपल्या घरला चला. दोन घास आमच्यात खावा."

"माज्या घरात खाते की मी," केराबाई म्हणाली.

"एकली बाई हाय तुमी."

"अन् फुडच्या दोन खोल्यांत एकादं कुटुंब भाड्यानं आलं तर?"

धुळाप्पानं जरा विचार केला. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. "मग गोष्ट येगळी," तो म्हणाला. "घरात दुसरी बायामाणसं असली तर कोन कशाला बोलंल? पर न्हाय मिळालं कुणी, तर ज्वारीची पेरणी उरकून मी दसऱ्याला गाडी घिऊन येनार. त्या दिशी मातूर काय आयकनार न्हाय."

तो गेल्यावर केराबाई उंबऱ्यावर बसून राहिली. दिराच्या घरी दोन घास मिळाले असते, हे तिला ठाऊक होतं. ते जावेच्या चुलीवरचे, जावेनं वाढलेले आणि जाऊ वाढेल तेव्हा मिळणारे घास, हेही ठाऊक होतं. या घरात तिनं अकरा वर्षं स्वतःच्या हातानं कडी लावली होती आणि स्वतःच्या हातानं काढली होती. ती कडी तिला सोडवेना.

श्रावण लागेपर्यंत चार कुटुंबं घर बघून गेली. बघून गेली असं म्हणायचं एवढंच. आत कुणी आलंच नाही. दारापर्यंत यायचं, एकदा उजवीकडं बघायचं, एकदा डावीकडं बघायचं, आणि मग कुणाला अचानक दुसरं काम आठवायचं, कुणाचं पोर रडायला लागायचं. पाचवं कुटुंब तर कोपऱ्यावरूनच वळलं. आतल्या खोल्या केराबाईनं आरशासारख्या ठेवल्या होत्या. त्या बघायला आत यावं तर लागतं ना माणसाला.

तेव्हा तिनं ठरवलं, की येडूसारखं वरवर चोपडायचं नाही. आपल्या पद्धतीनं, मुळापासून करायचं. आणि इथंच ती चुकली.

तिच्या माहेरी भिंत लिंपणं हे बायकांचं काम. गावाच्या जुन्या वस्तीची पांढरी माती आणायची, मेंढरांच्या लेंड्या भिजवून तिच्यात तुडवायच्या, वरून कातरलेली लोकर पिंजून घालायची, आणि दोन बोटं जाडीचा थर हातानं थापायचा. केराबाईच्या हातचं लिंपण दहा-दहा वर्षं हलायचं नाही अशी तिची ख्याती होती. तिनं बाजाराला येणाऱ्या गावच्या गाडीवाल्याला निरोप धाडून चार पोती पांढरी मागवली, लोकर मागवली, आणि पदर खोचून घराचं अख्खं तोंड एकटीनं लिंपून काढलं. खाली गेरूचा पट्टा ओढला. वाळल्यावर भिंत ज्वारीच्या पिठासारखी पांढरी दिसायला लागली. टिक्के कुठं होते ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

दोनच दिवसांनी सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत कारकून असलेला शिवप्पा बायकोला घेऊन घर बघायला आला. त्याची बायको रुद्राणी बोलकी होती, जात्यासाठी जागा कुठं, तुळस कुठं ठेवता येईल असं दारातूनच विचारायला लागली. रात्री भुरभुर पाऊस पडून गेला होता. शिवप्पानं आत यायचं म्हणून वहाण काढायला एक पाय उचलला आणि तोल सावरायला हात भिंतीवर टेकला.

अख्खा थर सुटला. तुकडे होऊन नव्हे, दार निखळावं तसा एकसंध सुटला आणि शिवप्पाच्या उचललेल्या नव्हे, टेकलेल्या पायावर आला. तो "अगाई" करून बाजूला झाला, तर त्याच्या नाकासमोर वितीवर तो काळा टिक्का. रुद्राणीनं पदर नाकाला लावला आणि ती दोन पावलं मागं सरली. चोवीस वर्षांपूर्वीचा रोग जणू त्या थरामागं दम धरून बसला होता.

ती दोघं गेली. केराबाई पडलेल्या मातीच्या ढिगाशेजारी बसली आणि रडली. नवरा गेल्यावरही ती चारचौघांसमोर रडली नव्हती. पण ज्या कामात आपल्याला सगळं येतं असं वाटत होतं, त्याच कामानं असं तोंडावर पाडावं, याची तिला फार लाज वाटली. गल्लीतल्या दारांमागून माणसं बघत होती, तेही तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गावाबाहेरच्या चुन्याच्या घाणीवर गेली. तिथं गोल चरातून बैल दगडाचं चाक ओढत चुना मळायचे आणि शेजारी भट्टीत चुनखडी भाजली जायची. अक्कलकोटकडची बसम्मा तिथली सगळी देखरेख करायची. केराबाईनं पडलेल्या थराचा एक तुकडा पदरातून काढून तिच्यापुढं धरला आणि काय झालं ते सांगितलं.

बसम्मा आधी पोट धरून हसली. मग तुकडा हातात घेऊन उलटापालटा केला आणि तिचं हसू थांबलं. "काम चांगलं केलंयस की गं. केस किती बारीक पिंजलीस. पण नोड, बघ बाई, मातीची भिंत असली तर माती धरती. चुन्याच्या भिंतीला माती धरत नाही. ती नुसती टेकून उभी होती."

"मग चुनाच लावू?"

"डांबरावर चुना तरी कुठला धरतो? ते वर येत राहतंय. डांबर विटेनं पिलंय. वीट काढून टाक, म्हणजे ते संपलं." बसम्मानं हात झटकले. "मुरलेला चुना मी देते. माझा गवंडी पाठवते."

गवंडी आला. हत्यारांची पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि समोरच्या गिरिजाबाईंशी दोन शब्द बोलून दारात पोचला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. "बाई, म्हणशील तेवढा गिलावा करून देतो," तो म्हणाला, "पर त्या टिक्क्यास्नी हत्यार लावनार न्हाय." आणि आल्या वाटेनं गेला.

केराबाई तशीच तरातरा समोर गेली. गिरिजाबाई पन्नाशीच्या, गल्लीत जन्मल्या आणि गल्लीतच दिल्या गेल्या, त्यामुळं इथं कुणाच्या घरात काय शिजावं हेसुद्धा त्यांना विचारून ठरे. त्या ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या.

"गिरजाक्का, माज्या गवंड्याला का परतवलं तुमी?"

"बस आधी," गिरिजाबाई म्हणाल्या. "तू त्या वेळी इथं नव्हतीस. आम्ही बघितलंय. पहिला टिक्का उजवीकडं काढला, आणि चौथ्या दिवशी डावीकडं. झाकायचं तर झाक, कोण नको म्हणायलंय? पण फोडू नको. आत काय दडून बसलंय ते आतच राहू दे. गल्लीत लेकरंबाळं आहेत."

"आत वीट हाय, अक्का."

"असू दे वीट." गिरिजाबाईंनी वात वळणं थांबवलं नाही. विषय संपला होता.

केराबाई घरी आली. तिला राग आला होता, पण राग उतरल्यावर दुसरंच मनात यायला लागलं. गिरिजाबाई खोटं बोलत नव्हत्या. त्या भीत होत्या, आणि त्यांच्या भीतीला वीट दाखवून उपयोग नव्हता. तिच्या लहानपणी गावात पटकीची साथ आली होती तेव्हा काय केलं होतं? लाकडाचा लहानसा गाडा केला होता, मरीआईचा. त्यात दहीभात, लिंबाचे डहाळे, हिरवा खण ठेवला आणि तो गाडा गावाच्या शिवेबाहेर ओढत नेला. नेणाऱ्यानं मागं बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. रोगाला मान द्यायचा आणि वाटेला लावायचं. या घराचं उलटं झालं होतं. माणसं बाहेर गेली आणि रोग भिंतीवर राहिला. चोवीस वर्षांत त्याला कुणी निरोपच दिला नव्हता.

ती पुन्हा समोर गेली. "अक्का, मी फोडून टाकत न्हाय. शिवंभाईर नेऊन पोचवते. आमच्यात गाडा नेत्यात तसं."

गिरिजाबाईंचा हात थांबला. "कुणाच्या हद्दीत टाकशील? शेजारचं गाव काठ्या घेऊन येईल."

"कुणाच्याच न्हाय. बसम्माच्या भट्टीत टाकते. ती शिवंभाईरच हाय, अन् आगीत गेल्यालं माघारी येत न्हाय."

पितरांचा पंधरवडा चालू होता. या दिवसांत नवं काही करत नाहीत, पण जुन्याला पोचवायला याहून चांगले दिवस शोधूनही सापडले नसते, आणि हे गिरिजाबाईंपेक्षा जास्त कुणाला कळणार? "मंगळवारी कर," त्या शेवटी म्हणाल्या. "आईचा वार आहे. मी काही येणार नाही हं."

मंगळवारी सकाळी गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर केराबाईनं छिन्नी-हातोडा घेतला. गल्लीतल्या बायकांनी पोरं आत कोंडली आणि स्वतः मात्र दारात येऊन उभ्या राहिल्या. आपण जे बोललो ते खरं आहे असं तिला वाटत होतं, पण वाटणं वेगळं आणि सगळ्या गल्लीदेखत पहिला घाव घालणं वेगळं. तिनं येडूचं नाव घेतलं आणि घाव घातला.

गिलाव्याचा टवका उडाला. आणखी दोन घावांत वीट हलली, आणि विटेमागून काहीतरी सळकन बाहेर आलं. अख्खी गल्ली एक पाऊल मागं सरली. ती पाल होती. केराबाईच्या पायावरून ती घाईघाईनं गटाराकडं निघून गेली. मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि त्या हसण्यानं केराबाईला जोर आला. दोन्हीकडचे टिक्के तिनं विटांसकट उकरून काढले. तिथं आता हातभर उंचीचे दोन खळगे राहिले, आतून लाल आणि स्वच्छ.

विटा आणि टवके तिनं टोपलीत भरले, वर दहीभात आणि लिंबाचा पाला ठेवला. टोपली डोक्यावर घेणार, तेवढ्यात गिरिजाबाई रस्ता ओलांडून आल्या आणि त्यांनी पाल्यावर एक हिरवा खण ठेवला. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मग त्या परत ओसरीवर जाऊन बसल्या.

केराबाई निघाली. मागं बघायचं नाही, बोलायचं नाही. पेठ संपली, वस्ती विरळ झाली. शिवेवर जकात नाका होता. बाहेर जाणाऱ्याला तिथं एरवी कोण विचारतंय, पण विटांच्या ओझ्यानं वाकलेली आणि वर हिरवा खण मिरवणारी टोपली बघून नाक्यावरचा शिपाई उठला.

"बाई, टोपलीत काय हाय?"

केराबाई गप्प.

"मुकी हायस का? काय हाय म्हंतो."

एक शब्द बोलली असती तर सगळं फुकट गेलं असतं. शिपायानं टोपलीकडं हात केला, आणि केराबाईच्या मागून ओळखीचा आवाज आला.

"प्लेग आहे त्यात," गिरिजाबाई म्हणाल्या. "बघायचाय का?"

शिपायानं हात असा मागं घेतला की त्याची टोपी पडली. ती उचलायलाही तो थांबला नाही. केराबाई चालू लागली. मागं बघता येत नव्हतं, पण येणार नाही म्हणणाऱ्या गिरिजाबाईंच्या मागं आणखीही पायांचे आवाज होते. बरेच होते. केराबाईला भरून आलं, आणि टोपली डोक्यावर असल्यामुळं डोळे पुसता येईनात.

बसम्मानं भट्टीचं तोंड उघडून दिलं. डांबर पेटलं, काळा दाट धूर निघाला आणि वर जाऊन मोकळा झाला. तो दिसेनासा होईपर्यंत कुणी हललं नाही.

परतताना गिरिजाबाई केराबाईच्या बरोबरीनं चालत होत्या. शीव ओलांडल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या. "उजवीकडचा टिक्का गौरव्वाचा होता. माझी मैत्रीण. आम्ही दोघी एका मांडवात बसलेल्या. तिला माळावर झोपडीत नेलं, तिथंच गेली. घराला कुलूप. तिच्या नावानं त्या घरात एक दिवा लागला नाही कधी. इतकी वर्षं सकाळी दार उघडलं की तो टिक्का दिसायचा. तेवढीच तिची खूण राहिली होती, म्हणून मी कुणाला हात लावू दिला नाही." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "रोगाची भीती होती. पण नुसती भीती नव्हती."

दोन्ही खळगे विटा भरून बुजवायचे आणि भिंत सपाट करून टाकायची, असं केराबाईचं ठरलेलं होतं. घरी पोचेपर्यंत ते बदललं.

पुढचे दहा दिवस बसम्मा रोज दुपारी येत होती. मुरलेला चुना, बारीक वाळू, गुळाचं पाणी. बसम्मानं तागाचे तंतू कापून आणले होते, गिलाव्याला धरून ठेवायला. केराबाईनं ते बाजूला सारले आणि आपली पिंजलेली लोकर पुढं केली.

"चुन्यात मेंढराची केसं?" बसम्मा म्हणाली.

"माती पडली, केसं तुटली न्हाईत. तुमीच बगितलंया."

बसम्मानं एक हात घालून मळून बघितलं, बोटांत ताणून बघितलं, आणि ताग परत पिशवीत ठेवला. लोकरीचा तो गिलावा असा बसला की पुढं बसम्मा स्वतःच्या कामांवरही लोकर मागवायला लागली. ते कुणाकडून शिकली हे मात्र ती विचारल्याशिवाय सांगायची नाही.

खळगे बुजवले नाहीत. केराबाईनं त्यांना वरून कमान दिली, कडा घोटून घेतल्या, तळाला दगडाची चीप बसवली. दाराच्या दोन बाजूंना दोन देवळ्या झाल्या, दिवा ठेवायच्या. वर चुन्याचा शेवटचा हात दिला, त्यात नीळ टाकली चिमूटभर, आणि गुळगुळीत गोट्यानं भिंत घासून घासून तिला चकाकी आणली. दारात उभं राहिलं की घर पहिल्यापासून असंच बांधलं असावं असं वाटायचं.

घट बसले त्या संध्याकाळी केराबाईनं गिरिजाबाईंना बोलावलं आणि काडेपेटी त्यांच्या हातात दिली. उजव्या देवळीतला दिवा त्यांनी लावला. लावल्यावर थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या, ओठ हलत होते, काय म्हणाल्या ते कुणी विचारलं नाही. डावीकडचा केराबाईनं लावला. त्या दिवसापासून नवरात्रभर गल्लीतल्या बायका देवीला जाताना तिथं तेलाचा थेंब घालून पुढं जायला लागल्या. ज्या दारासमोरून पोरांना ओढत न्यायच्या, त्याच दारासमोर त्या उभ्या राहून गप्पा मारत होत्या.

अष्टमीला रुद्राणी आली. यावेळी एकटी. दारासमोर थांबली, देवळ्या बघितल्या, भिंतीवरून बोट फिरवलं, मग चांगला तळहात टेकून दाबून बघितलं. केराबाई आतून बघत होती. तिला वाटलं, हिनं घर ओळखलं नसेल. गप्प राहिलं तर काम होऊन जाईल. पण मग उद्या कळल्यावर पुन्हा पदर नाकाला जायचा. ती बाहेर आली.

"बाई, हे तेच घर हाय. तुमच्या मालकाच्या पायावर पडल्यालं."

"ओळखलं की," रुद्राणी म्हणाली. "सगळी पेठ सांगायलीय तुम्ही टोपली कशी नेली ते. आमचे हे म्हणतात, नाक्यावरचा शिपाई अजून ताप आला का म्हणून स्वतःचंच अंग बघतो रोज." ती हसली आणि मग गंभीर झाली. "ज्या बाईनं भिंतीत दडलेलं काढून टाकलं, तिच्या घरात मला भीती नाही. जात्यासाठी जागा दाखवता का?"

दसऱ्याला सकाळी त्यांचं बिऱ्हाड पुढच्या दोन खोल्यांत आलं. जातं, तुळस, शिवप्पाची पुस्तकं आणि दुखऱ्या पायाची थोडी कुरकुर, असं सगळं घर भरलं. दारावर झेंडूचं तोरण चढलं.

दुपारी बैलगाडी गल्लीत शिरली. केराबाई दारात बसून कांड्या भरत होती, तिनं धुळाप्पाला लांबूनच ओळखलं. तो गाडीत उभा राहून डावीकडं-उजवीकडं भिंती बघत येत होता. अक्षर त्याला येत नव्हतं, आजवर तो त्या दोन काळ्या टिक्क्यांवरच घर ओळखत आला होता. गाडी तिच्या समोरून सरळ पुढं गेली. केराबाई मान खाली घालून रहाट फिरवत राहिली. गाडी कोपऱ्यावर जाऊन वळली आणि पुन्हा समोरून गेली. धुळाप्पानं पटका काढून डोकं खाजवलं आणि समोरच्या ओसरीवरच्या गिरिजाबाईंना विचारलं, "आवो, हितं टिक्क्याचं घर हुतं ते कुटं गेलं?"

"तसलं घर या गल्लीत नाही," गिरिजाबाई वाती वळत म्हणाल्या. "दिव्यांचं घर आहे एक. त्या बाईला विचार."

धुळाप्पा तिसऱ्यांदा वळला आणि केराबाईच्या दारापुढं गाडी उभी करून खाली उतरला. तोरण, चकाकणारी भिंत, आतून जात्याची घरघर, त्याची नजर तिथनं हलेना. "बाई," तो म्हणाला, "आमच्या येडूअण्णाचं घर—"

"भावजी," केराबाई मान वर करून म्हणाली, "बैलास्नी पाणी दाखवा आधी. तीन खेपा केल्यात त्यांनी."

धुळाप्पानं बैल सोडून पाणी दाखवलं. मग त्यानं भिंतीला हात लावला, देवळीत बोट घालून बघितलं, आतून डोकावणाऱ्या रुद्राणीला बघितलं, आणि उंबऱ्यावर टेकला. शब्दाचा माणूस होता. न्यायचा विषय त्यानं काढलाच नाही. आपट्याची पानं वहिनीच्या हातात दिली, जेवला, दोनदा पाणी प्याला, आणि जायची वेळ झाली तरी उठेना.

"वैनी," शेवटी तो खाली बघत म्हणाला, "पोरीला बघाया पावनं येनार हायती फुडल्या आठवड्यात. आपल्या घराचं तोंड लई वंगाळ झालंया. फुडची भित पार उगडी पडलीया. तुमी एक डाव येऊन..."

केराबाईनं रहाट बाजूला ठेवला. गोटा, लोकरीचं गाठोडं आणि चुन्याचं मडकं गाडीत चढवलं. रुद्राणीला संध्याकाळी दोन्ही दिवे लावायला सांगितले. आपल्या दोन खोल्यांना तिनं स्वतः कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग दिरानं हात पुढं केला तो न धरता चाकावर पाय देऊन ती गाडीत बसली.

"चार दीस," ती म्हणाली. "पाचव्या दिशी ह्याच दारात आणून सोडायचं. आता घर हुडकायला लागनार न्हाय तुमाला."

धुळाप्पानं बैलांना हाक घातली आणि गाडी मंगळवेढ्याच्या वाटेला लागली.